एक डबा की दोन

पोरीनं दोन्ही हात वर उचलले, एका तळव्यावर दुसरा तळवा चारपाचदा ठेवला आणि मग काहीतरी बांधल्यासारखी बोटं फिरवली. रंजिता लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकली, आणि तेवढ्यात चित्र थांबलं. पोरीचे हात हवेत तसेच राहिले, तोंड अर्धवट उघडं, डोळे समोर. मधोमध ती गोल चकती फिरायला लागली.

"याडी!" रंजितानं आईला हाक मारली. "भियाले पाठव वं लवकर! डबा बसला पुन्हा!"

भावाला, इंद्रजीतला, हाक मारून उपयोग नव्हता. तो जन्मापासून बहिरा. अंगणात बसून तो विहिरीवरच्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. आईनं, बसंतीबाईनं, जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला, तसा तो उठला, पुढच्या खोलीत गेला, भिंतीवरच्या इंटरनेटच्या पांढऱ्या डब्याची पिन काढली, दहा आकडे मोजले, पुन्हा लावली. चार मिनिटं गेली. रंजिताला ती चाळीस वाटली.

चित्र परत आलं तेव्हा पोरीनं खुर्ची भिंतीकडे फिरवली होती. पडद्यावर नुसती तिची पाठ आणि तेल लावून घातलेली वेणी दिसत होती.

"आता ती बघतच नाही हो, ताई," नागपूरच्या बालगृहातली बाई म्हणाली. "तिला वाटलं, तुम्ही उठून गेलात."

रंजिता राठोड सांकेतिक भाषेची दुभाषी होती. बहिऱ्या माणसाचे हात वाचायचे आणि समोरच्या डॉक्टरला, पोलिसाला, बँकेतल्या साहेबाला ते बोलून सांगायचे. त्यांचं बोलणं पुन्हा हातांनी त्या माणसाला सांगायचं. नागपूरच्या एका संस्थेकडून तिला व्हिडिओवर अशी कामं यायची. शिक्षण नंतर झालं, पण विद्या घरातली. इंद्रजीत तिच्याहून चार वर्षांनी मोठा. यवतमाळच्या शाळेत जाईपर्यंत त्याचे हातवारे त्याचे त्यानंच तयार केलेले होते आणि ते सगळ्या तांड्यात फक्त दोघींना पुरते कळायचे: आईला आणि रंजिताला.

आता ती सातव्या महिन्यात होती. रक्तदाब चढत होता म्हणून डॉक्टरांनी प्रवास बंद केला, आणि नवरा प्रेमसिंग तिला घाटंजीजवळच्या या तांड्यावर माहेरी सोडून नागपूरला कामावर परत गेला. घरात इंटरनेटची तार आधीच आलेली होती, ती इंद्रजीतसाठी. ज्याला ऐकू येत नाही त्याला मोबाइलवर बोलायचं तर व्हिडिओच लागतो, आणि मोबाइलचं नेटवर्क घरात एक काडी यायचं, तेही मर्जी असली तर. त्याचं भागत होतं. मित्रांशी गप्पा मारताना चित्र थांबलं तर तो वाट पाहायचा. रंजिताच्या कामात वाट पाहायला कोणी नसायचं.

ही पोर तीन आठवड्यांपूर्वी नागपूर स्टेशनवर एकटी सापडली होती. बाराएक वर्षांची. ऐकू येत नाही, लिहिता येत नाही, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नाव कोणालाच ठाऊक नाही, म्हणून बालगृहानं कागदावर 'खुशी' लिहिलं. दोन दुभाष्यांनी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला, पण तिचे हात कोणत्या पुस्तकातले नव्हते. रंजिताला मात्र वीस मिनिटांत कापूस वेचणं कळलं, पाठीवर बांधलेला लहान भाऊ कळला. पोरीचा चेहरा हळूहळू सैल होत गेला होता. घर कुठं, असं विचारल्यावर तिनं ते हात उचलले, आणि डबा बसला.

दुपारी वर्षाताईंचा फोन आला. संस्थेत कोणाला कोणतं काम द्यायचं ते त्या ठरवत.

"गुरुवारी अकरा वाजता बालकल्याण समितीनं पुन्हा वेळ देल्ला आहे," त्या म्हणाल्या. "शेवटची. शुक्रवारी तिले दूरच्या मोठ्या संस्थेत पाठवून राह्यले. इकडं बहिऱ्या पोरींची सोय नाही म्हणतात. एकदा तिकडं गेली का शोध मागं पडते, तुले माहीतच आहे."

"मी बसते न, ताई."

"तू बसशीन, पण तुवं नेट बसते. बुधवारी संध्याकाळी मले एक तास व्हिडिओ चालवून दाखव. चालला तर तू. नाही तर मी बसीन."

"तुमाले तिचे हात समजतीन?"

"नाही समजनार," त्या म्हणाल्या. "पण अर्ध्यात गायब तर नाही होनार न मी."

फोन ठेवल्यावर रंजिताच्या कानात ठोके पडायला लागले. बसंतीबाईनं दंडाला मशीनचा पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि काही न सांगता मशीन बंद केलं. "सोड थे काम," ती म्हणाली. "पोटातल्याचं पाह्य आधी."

"त्या पोरीचंही कोणी पाहावं लागते न, याडी."

संध्याकाळी इंद्रजीत तिला हाताला धरून डब्यापाशी घेऊन गेला. डब्याशेजारी भिंतीवर त्यानं खडूनं रेघा मारून ठेवल्या होत्या. अकरा रेघा. डबा आठ दिवसांत अकरा वेळा बसला होता. मग त्यानं डब्यावरच्या दिव्यांकडे बोट केलं. पहिला दिवा, त्याचे हात म्हणाले, बाहेरच्या तारेचा. तो कधीच जात नाही, हिरवाच राहतो. तिसरा लाल होतो, आणि मग वायफायचा जातो. तिचा हात घेऊन त्यानं डब्याच्या पाठीवर ठेवला. मार्च सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, पत्र्याखालची खोली तापायची, आणि डबा तव्यासारखा पोळत होता.

"आधी काहून नाही सांगतलं?" तिनं हातांनी विचारलं.

"तीन वेळा सांगितलं," त्याच्या हातांनी उत्तर दिलं. "तू लॅपटॉपकडे पाहत होतीस."

मंगळवारी सकाळी तारवाल्याकडचा माणूस आला. जीवन त्याचं नाव, सरळ स्वभावाचा, दहा गावांची जोडणी एकटा सांभाळायचा. त्यानं दिवे पाहिले, डबा हुंगल्यासारखा केला.

"तार तं टकाटक आहे, ताई. डबा बदलून देतो मी. पिशवीतच आहे."

त्यानं पिशवीतून तसाच दुसरा पांढरा डबा काढला.

"हाही असाच? तार घेनारा आन वायफाय देनारा, दोन्ही एकातच?"

"एकातच. सगळ्याइकडं एकच चालते. एक वस्तू, एक पिन, बिघडलं तं एक फोन. मी येतो."

"आन हा नाही तापनार?"

जीवननं मान खाजवली. "उन्हाळ्यात थोडा तरास देतेत हे. खोटं कायले बोलू."

वेगळा राउटर घेतला तर चालेल का, असं तिनं विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा जरा पडला. "होते थे. आपला डबा नुसता तार घेईन, पुढचं तुमचा राउटर पाहीन. पण एक सांगतो. मंग नेट गेलं का मी म्हनीन राउटरचा दोष, राउटरवाला म्हनीन तारेचा दोष, आन मधात लटकसान तुमी. राउटरसाठी मी नाही येनार. कंपनी येऊ देत नाही."

बोलणं खरं होतं, म्हणूनच ते तिच्या मनात जास्त रुतलं. तिनं डबा घेते म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. "दुपारपरेंत सांगते," म्हणाली.

घाटंजीच्या मेन रोडवर धम्मरत्न नावाच्या माणसाचं टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान होतं. इंद्रजीत मोटारींचं सामान तिथूनच आणायचा. रंजिताला जाता येत नव्हतं, म्हणून इंद्रजीत फटफटीवर गेला आणि दुकानातून त्यानं तिला व्हिडिओ लावला. तिकडे दोघं समोरासमोर उभे, इकडे ती दोघांच्या मधली दुभाषी, आणि चालू सगळं त्याच डब्यावर. दोनदा कॉल तुटला. दुसऱ्या वेळी बसंतीबाईनं पिन काढून लावली.

"आधी हे सांगा," धम्मरत्न म्हणाला, "नेट जाते तवा पहिला दिवा जाते का?"

"नाही. हिरवाच राह्यते, भिया म्हणते."

"लॅपटॉपले सरळ वायर लावून पाह्यली?"

"आज सकाळी पाह्यली. वायरवरही बंदच पडलं."

"मंग तार घेनारा भाग चांगला आहे, आतला राउटर तापून बसते. एकाच डब्यात दोघं कोंबले, दोघंही एकमेकाले तापवतेत. थ्या डब्याकडून एकच काम घ्या. दुसऱ्या कामाले दुसरा ठेवा, आन थो तुमी बसता थ्या खोलीत ठेवा."

"जीवनभाऊ म्हणते, मंग दोष कोनाचा थेच नाही समजनार."

"बरोबर म्हणते थो. दोन वस्तू म्हणजे दोन पिना, दोन बटनं, दोन जागी भरोसा. ज्याच्या घरात कोनी दिव्याकडं पाहात नाही न, त्याले मीच सांगतो का बाप्पा, एकच घे आन निवांत राह्य. तुमच्या घरात पाहनारा आहे." त्यानं इंद्रजीतकडे पाहिलं. "मोटार जळाच्या आधी हात लावून सांगते हा. याच्यावर सोडा."

रंजितानं हे शेवटचं वाक्य भावाला सांगितलं नाही. का ते तिचं तिलाही कळलं नाही. तिनं फक्त विचारलं, तुला काय वाटतं. इंद्रजीतनं पटकन दोन बोटं वर केली.

तिला मात्र ठरवता येईना. दुपारभर ती खाटेवर कूस बदलत राहिली. नवा एकच डबा घेतला, तर गुरुवारी अकराला ऊन चढलेलं असणार आणि तोही तापणार. वेगळं केलं, तर आदल्या दिवशी सगळं उपटून नव्यानं बसवायचं, आणि ते बसलंच नाही तर आहे तेही गेलं. पोट आवळल्यासारखं व्हायला लागलं की ती भिंतीकडे तोंड करून दम धरायची. डोळे मिटले की ते हात दिसायचे. तळव्यावर तळवा, तळव्यावर तळवा, मग बांधणं. काय बांधत होती ती? कापसाची गाठोडी अशी बांधत नाहीत. भाकरी? वह्या?

चार वाजता तिनं जीवनला फोन केला. "जुनाच डबा ठेवा, भाऊ. फक्त त्यातला राउटर बंद करून द्या. राउटर आमी आणून राह्यलो."

"पक्कं?"

"पक्कं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर पहिल्यांदा वाटलं की चुकलंच.

बुधवारी सकाळी दहाला येतो म्हणालेला जीवन अडीचला आला. दुसऱ्या गावात रानडुकरांनी तार तोडली होती. त्यानं जुन्या डब्यातली सेटिंग बदलली. आता तो नुसता तार घेणार होता. नव्या काळ्या राउटरमध्ये त्यानं तारवाल्याकडचं नाव आणि पासवर्ड टाकला. दिवा नारिंगीच राहिला. पुन्हा टाकला. नारिंगी. घाटंजीच्या ऑफिसचा फोन कोणी उचलेना.

"मी म्हनलं होतं, ताई," जीवन हळूच म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता, त्यालाही घाम फुटला होता.

साडेतीन झाले. चार झाले. घरात नेट उरलंच नव्हतं, आणि रंजिता नुसती दारातून खोलीत आणि खोलीतून दारात करत होती. बसंतीबाईनं तिला धरून बसवलं, पाणी पाजलं. इंद्रजीत जीवनच्या हातातला पासवर्डचा कागद पाहत होता. त्याला त्यातलं काही वाचायचं नव्हतं, त्यानं नुसते आकार पाहिले. मग एका अक्षरावर बोट ठेवलं आणि जीवनच्या मोबाइलवर दुसऱ्या एकावर. कागदावरचा गोल लांबट होता, मोबाइलवरचा वाटोळा. जीवननं इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य टाकून पाहिलं. दिवा हिरवा झाला.

"आयला!" जीवन म्हणाला आणि इंद्रजीतच्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी सहा ते सात वर्षाताईंसमोर व्हिडिओ चालला. एकदाही थांबला नाही. वर्षाताई म्हणाल्या, "बस मंग तूच." पण आज चाललं म्हणजे उद्या चालेल, असं तिला कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

गुरुवारी पावणेअकराला ती बसली. समितीसमोरचं बोलणं दुसऱ्या कोणी पाहायचं नसतं, म्हणून इंद्रजीत पुढच्या खोलीत तारेच्या डब्यापाशी स्टुलावर, आणि मधलं दार लोटलेलं. लाइट गेली तर म्हणून धम्मरत्ननं दिलेली छोटी बॅटरी दोघांच्या मधे, तिच्यातून एक वायर डब्याला, एक लांब वायर दाराखालून रंजिताच्या खोलीतल्या राउटरला.

पडद्यावर समितीच्या बाई, बालगृहातल्या बाई आणि खुशीची पाठ दिसली.

"विचारा तुम्ही," समितीच्या बाई म्हणाल्या.

पाठीला काय विचारणार? रंजितानं त्यांना विनंती केली की पोरीच्या समोर भिंतीपाशी हाच कॉल लावून मोबाइल धरा, फक्त एक मिनिट. मोबाइल धरला गेला. रंजिता उठून एका बाजूला वळून उभी राहिली, पदर बाजूला केला आणि पोटावर हात ठेवला. मग बसली, आणि हातांनी सावकाश सांगितलं: पोटात बाळ आहे, मला कुठं जाता येत नाही. चित्र थांबलं तरी मी जात नाही. मी इथंच. तू थांब. मी येते. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं.

खुशीनं बराच वेळ त्या पोटाकडे पाहिलं. मग खुर्ची फिरवली.

पहिली दहा मिनिटं ती फक्त मान हलवत होती. मग हात सुरू झाले आणि थांबेचनात. गाडी, पुष्कळ माणसं उभी. भाऊ पाठीवर. वाकून काहीतरी तोडायचं, तोडून टोपलीत, आणि मग हात डोळ्यांना आणि चेहरा असा वेडावाकडा.

"आधीच्या दुभाष्यांनी 'भाजलं' असं लिहिलं आहे," समितीच्या बाई म्हणाल्या.

"भाजलं नाही, मॅडम. मिरची. मिरची तोडाले गेली होती, तोच हात डोळ्याले लागला. आमच्याकडून लोक जातात तिकडं, तेलंगणात."

त्याच वेळी डोक्यावरचा पंखा मंदावला. लाइट गेली. राउटरचा दिवा विझला नाही, नुसता नारिंगी झाला, आणि चित्र थांबलं. दारापलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. तिनं हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दिवा जळतो, म्हणजे राउटर चालू. गेला तो तारेचा डबा. तेवढं तिला आता कळत होतं, पण कळून हातात काही नव्हतं. ती थांबलेल्या चित्रासमोर हात छातीवर ठेवून बसून राहिली, जणू पोर तिला पाहत होती.

बॅटरीतून डब्याला जाणारी पिन ढिली बसली होती. इंद्रजीतनं ती दाबली. डबा पुन्हा सुरू व्हायला दीड मिनिट लागलं.

चित्र आलं. खुशी खुर्चीतच होती, तोंड समोर. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती पडद्याकडे टक लावून बसली होती. रंजिता दिसताच तिनं मघाचं अर्धवट राहिलेलं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

आणि घर कुठं म्हटल्यावर तेच हात आले. तळव्यावर तळवा, तळव्यावर तळवा, मग बांधणं. या वेळी तिनं पुढचंही केलं: वर हात करून झाडाचं पान खुडलं, देठ दाखवला, बांधलेली जुडी उन्हात जमिनीवर ओळीनं मांडली.

"तेंदूपत्ता!" रंजिता मोठ्यानं म्हणाली. "मॅडम, विडीच्या पानांचे पुडके बांधते ती. घराच्या मागं जंगल आहे. तेंदूपत्ता, कापूस, आन मिरचीले तेलंगणात. आमच्याच जिल्ह्यातली, झरी जामणीकडची असनार, नाही तर केळापूरकडची. तिकडच्या ठाण्यांमधी फोटो पाठवा."

"खात्रीनं सांगता?"

"नाही, मॅडम. हातात जे आलं थेवढं खात्रीनं सांगते. गावाचं अंदाजानं सांगून राह्यली."

समितीनं शुक्रवारची रवानगी आठ दिवस पुढं ढकलली. तसं लिहून घेतलं आणि कॉल संपला.

पुढचे दिवस तिला त्या एका तासाहून जड गेले. अंदाज चुकला असला तर? दुसऱ्याच जिल्ह्यात शोधायला हवं होतं, आणि तिनं सगळ्यांना इकडे वळवलं, असं झालं असलं तर? बाहेरच्या राज्यातही तेंदू असतो, कापूस तर सगळीकडेच. रोज सकाळी रक्तदाबाचा आकडा बसंतीबाई पदराखाली झाकायची. मधल्या काळात नेट एकदा गेलं, पण ते सगळ्या तांड्याचंच गेलं होतं; इंद्रजीतनं पहिला दिवा लाल पाहिला आणि रंजितानं सरळ जीवनला फोन लावला. त्यानं कुरकुर न करता येऊन तार जोडली.

सहाव्या दिवशी वर्षाताईंचा फोन आला. झरी जामणी तालुक्यातल्या एका जंगलातल्या गावात तेंदूपत्त्याची पुडकी मोजून घेणारा भीमराज नावाचा मुनशी होता. त्यानं ठाण्यात फोटो पाहिला आणि ओळखलं: ही तर दर उन्हाळ्यात आईबरोबर येणारी मुकी पोर. मिरचीच्या मळ्यावरून परत येताना, गाडी बदलताना पोर हरवली होती, आणि बाप महिनाभर तेलंगणातली स्टेशनं शोधत फिरत होता. नागपूरकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"रडून राह्यली का वं?" वर्षाताईंनी विचारलं.

"नाही," रंजिता म्हणाली, आणि नाक पुसलं.

बाप तोच आहे ना, हे समितीला पडताळायचं होतं, म्हणून शनिवारी रंजिताला पुन्हा बसवलं. पडद्यावर एक वाळका माणूस खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. दार उघडलं, खुशी आत आली आणि दारातच उभी राहिली. माणसानं हनुवटीवर बोट टेकवलं. पोरीच्या हनुवटीवर तीळ होता. ते तिचं घरातलं नाव. पोर धावत गेली आणि त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून राहिली.

थोड्या वेळानं दोघांचे हात चालू झाले, भराभर, एकमेकांचं तोडून.

"काय बोलतात ते सांगा, आम्हाला नोंद करायची आहे," समितीच्या बाई म्हणाल्या.

रंजिता पडद्याच्या जवळ सरकली. "तो म्हणते, बकरी व्याली. दोन पिल्लं झाले." ती थांबली, पोरीचे हात पुरते पाहिले. "आन ती विचारून राह्यली, रंग कोनता आहे."